एकच जागा आणि ती माझीच

२ सप्टेंबर २०२४, सोमवार

आजपासून रोजनिशी. मराठीत लिहायची, कारण उट्रेख्तच्या या घरात माझ्याशिवाय फक्त लोटे राहते आणि तिला मराठी येत नाही. वही स्वयंपाकघरात राहिली तरी काळजी नाही.

नोंद असावी म्हणून परिस्थिती लिहून ठेवतो. मेडिकलचं शेवटचं वर्ष. मी आणि लोटे दोघंही डच सैन्याचे विद्यार्थी, म्हणजे डॉक्टर झालो की काही वर्षं गणवेशात नोकरी. आमच्या बॅचमधून सैन्य यंदा सर्जरीच्या ट्रेनिंगला एकालाच पाठवणार. बाकीच्यांनी छावणीच्या दवाखान्यात बसून सर्दी-खोकला बघायचा. मुलाखत मार्चमध्ये.

जागा एकच आहे हे बरंच आहे. मलाही एकच हवी आहे.

संकल्प: पहाटे उठणे. पळणे. टाके आणि गाठींचा रोज सराव. ऑपरेशन थिएटरमध्ये कमी बोलणे. (हा शेवटचा बाबांनी सुचवला. का ते कळलं नाही.)

३ सप्टेंबर

उठलो नाही. कालचा सगळा दिवस संकल्पांत गेल्यामुळे थकवा होता.

९ सप्टेंबर, सोमवार

सर्जरीचा पहिला दिवस. आमच्या बाई म्हणजे लेफ्टनंट कर्नल ब्रूर्समा. पन्नाशीच्या, उंच, पावसात सायकलवरून येतात आणि ओल्या केसांनीच राउंड घेतात. दुपारी उभ्यानं चीजचा ब्रेड खातात. मराठी माणूस असा जेवत असता तर घरच्यांनी डॉक्टरकडे नेला असता.

आज मला दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये कॅमेरा धरायला दिला. पोटात कॅमेरा घालतात आणि सगळे पडद्याकडे बघत काम करतात. मी कॅमेरा उत्तम धरला. मधे भूल देणाऱ्या डॉक्टरांना पुण्याच्या हवेबद्दल थोडं सांगत होतो, तेव्हा चित्र किंचित सरकलं असावं. ब्रूर्समा म्हणाल्या, मला पित्ताशय बघायचंय, बेल्जियम नाही.

सगळे हसले. पहिल्याच दिवशी विनोद करण्याइतकी जवळीक. लोटेशी त्या दिवसभरात एक अक्षर बोलल्या नाहीत, नुसतं तिच्या हातात काही ना काही देत होत्या.

डच लोक तोंडावर स्तुती करत नाहीत. त्यांचं 'वाईट नाही' म्हणजे आपलं 'फारच छान'. नवव्या वर्षी इथे आलो तेव्हापासून मला ही भाषा आतून कळते. बेल्जियम म्हणजे, याची नजर दूरवर जाते.

१४ सप्टेंबर, शनिवार, आल्मेरे

आई-बाबांच्या गावी, मराठी मंडळाचा गणपती. भाड्याच्या स्पोर्ट्स हॉलमध्ये बास्केटबॉलच्या जाळीखाली आरती. मनोहरकाकांनी मला स्टेजवर बोलावून 'आपले भावी लष्करी सर्जन' अशी ओळख करून दिली. टाळ्या. बाबा पहिल्या रांगेत होते, त्यांनी दोनदा वाजवल्या.

पण त्याचा परिणाम वाईट झाला. खाली उतरलो तर रांग. कुणाचा गुडघा, कुणाचे शुगरचे रिपोर्ट. प्रांजली मावशी म्हणाल्या, सारखं थकायला होतं, केस गळतात, पण हाउसआर्ट्स, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, प्रत्येक वेळी पॅरासिटामॉल घे म्हणतो आणि मला डचमध्ये पुढे बोलता येत नाही. त्यांना सगळं नीट विचारलं. डॉक्टरला काय सांगायचं ते डचमध्ये पाठ करून घेतलं. त्या डॉक्टर झाल्या आणि मी रुग्ण, अशी एक तालीमही झाली. उलट झालं असतं तर जास्त बरं, पण त्यांना हसू आवरेना.

उकडीचे मोदक संपले होते. सर्जनच्या वेळेची या लोकांना किंमत नाही. लवकर झोपलो, फार छान झोप लागली.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आज एक घोळ झाला, त्यात माझी चूक नाही.

मेनेर, म्हणजे श्रीयुत, डाइकस्ट्रा म्हणून एक्याऐंशी वर्षांचे आजोबा, पित्ताशयाचं ऑपरेशन. मी नुसता रक्तदाब बघायला गेलो होतो. म्हणाले, तू कुठला? म्हटलं आल्मेरे. म्हणाले, तुझ्या घराच्या जागी मी तरुणपणी होडी चालवलीये, समुद्र हटवून गाव वसवायच्या आधी तिथं पाणी होतं. मग एकदम विचारलं, उठलो नाही तर माझ्या कबुतरांना दाणे कोण घालणार? मुलगी एनस्खेडेला असते, तिला कबुतरं आवडत नाहीत.

असा माणूस सोडून कसं जाणार? बसलो. कबुतरांची नावं विचारली. त्यांनी सांगितली, एकेकाच्या स्वभावासकट. शेवटी शेजाऱ्याला फोन लावून दाण्यांची सोय केली. त्यांचा हात थंड होता तो थोडा गरम झाला, तेव्हा त्यांना आत नेलं.

मी थिएटरमध्ये पोहोचलो तेव्हा कॅमेरा लोटेकडे होता.

ब्रूर्समांनी नंतर विचारलं, कुठे होतास? सांगितलं. त्या म्हणाल्या, तू सर्जरीचाच हट्ट का धरला आहेस?

'हट्ट' शब्द महत्त्वाचा. जिद्द दिसलेली आहे.

१२ ऑक्टोबर, शनिवार, आल्मेरे

टाक्यांच्या सरावाला बाकीचे डुकराचे पाय आणतात. आमच्या घरात ते शक्य नाही. केळ्यावर करून बघितलं, केळं धीर सोडतं. वांगं उत्तम. साल ताणलेली, आतलं मांस मऊ, अगदी माणसासारखं. काल आईनं आणलेली सहाही वांगी चिरून, शिवून फ्रिजमध्ये ठेवली, सकाळी ब्रूर्समांना फोटो पाठवावेत म्हणून.

आईनं आज त्यांचीच भरली वांगी केली.

बाबांच्या दातात काळा धागा आला. त्यांनी तो हळूहळू ओढून काढला, खूप लांब होता. म्हणाले, आमची आई नुसता मसाला भरायची, शिवायची पद्धत नव्हती. आईनं माझ्याकडे बघितलं. माझी बहीण ऋजुता, वय सोळा, हिला मराठी सगळं कळतं पण ती अपमान डचमध्येच करते. तिचं म्हणणं, पेशंटला तूच मारलंस आणि पुरावा बाबांना खायला घातलास.

टाके शिजूनही सुटले नव्हते, याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

(नंतर: सुटले होते. म्हणूनच धागा आला. पण सगळे नाही.)

५ नोव्हेंबर, मंगळवार

संकल्पांचा आढावा. पळणे: पाऊस. पहाटे उठणे: अंधार. हा देश या संकल्पांसाठी बांधलेला नाही. कमी बोलणे: जमतंय, आज याबद्दल लोटेला बरंच सांगितलं.

लोटेची मला काळजी वाटते. तिचाही अर्ज आहे. फ्रीसलँडमधल्या गोठ्यातली मुलगी, आईवडलांच्या ऐंशी गाई. जेवताना बोलत नाही. टीव्ही बघतानाही हातात दोरा असतो, खुर्चीच्या दांडीला गाठी मारत असते. आमच्या सगळ्या खुर्च्या आता टाके घातल्यासारख्या दिसतात. तिला विचारलं, तुला सर्जरीचं कुठून सुचलं? म्हणाली, बारा वर्षांची असताना अडलेलं वासरू ओढून काढलं होतं, तेव्हापासून.

वासरू आणि माणूस यात फरक असतो हे तिला हळुवारपणे सांगितलं. ती 'हो' म्हणाली. ऐकून घेते, हा तिचा गुण.

१८ डिसेंबर, बुधवार

प्रांजली मावशींचा फोन. पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवल्यावर हाउसआर्ट्सनं रक्त तपासलं. थायरॉइड निघालं. गोळ्या सुरू, बरं वाटतंय. फोनवर रडल्या. मी त्यांना गोळी कधी घ्यायची, चहा कधी प्यायचा, सगळं परत समजावलं.

सरावाचा अर्धा तास गेला. असंच चाललं तर सर्जन व्हायचो कधी?

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

कौशल्य चाचणी. एका बंद खोक्यात दोन लांब चिमटे घालून, पडद्याकडे बघत, बारीक मणी एका खुंटीवरून दुसरीवर न्यायचे. माझा एक मणी खोक्याबाहेर गेला. खोकं बंद होतं, त्यामुळे हे कसं झालं याबद्दल परीक्षकांनाही कुतूहल होतं.

चिमटे बहुधा डावखुऱ्यांचे होते. लोटेनं तेच वापरले, पण तिला गोठ्याची सवय.

ब्रूर्समांनी ऑफिसात बोलावलं. म्हणाल्या, राघव, चार महिन्यांत तुझ्या हातात सुधारणा नाही. तू सराव करतोस का? म्हटलं, करतो, वांग्यांवर. त्यांनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाल्या, दुसरं काही करायचा विचार केलास?

मी ठामपणे नाही म्हणालो. ही निष्ठेची परीक्षा होती हे लगेच ओळखलं. पास.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लोटेची मुलाखतीची तयारी करून घेतली. तिनं मागितली नव्हती, पण बिचारीला कुणी नाही. मी समिती झालो, इस्त्रीचा शर्ट घालून. विचारलं, तुमची सर्वांत मोठी उणीव कोणती? म्हणाली, मला बोलायला वेळ लागतो. मी सांगितलं, असं म्हणायचं नसतं. म्हणायचं, मी अतिपरिपूर्णतावादी आहे. ती म्हणाली, पण ते खरं नाही.

कपाळावर हात मारून घेतला.

मग तिला समिती केलं. तिनं एकच प्रश्न विचारला, सर्जरी का? मी देश, गणवेश, युद्धभूमी, मानवतेचा इतिहास असं सगळं घेतलं. मी थांबलो तेव्हा तिचा चहा गार झाला होता. म्हणाली, ऑपरेशनचा कुठला दिवस तुला सगळ्यात आवडला?

मी डाइकस्ट्रांच्या कबुतरांचा सांगितला.

ती म्हणाली, तो ऑपरेशनच्या आधीचा होता.

प्रश्न नीट विचारायची कलाही शिकवावी लागेल.

१३ मार्च, गुरुवार

मुलाखत झाली. झालीच म्हणायची.

समोर पाच जण, मधे ब्रूर्समा. एकानं विचारलं, स्वतःची एखादी चूक सांगा. म्हणालो, मी अतिपरिपूर्णतावादी आहे. ते म्हणाले, हा स्वभाव झाला, चूक सांगा. मी बराच वेळ आठवलं. सापडली नाही. ही गोष्टही आपोआप नोंदली गेली असणार.

मग एका बाईंनी विचारलं, घाबरलेल्या रुग्णाबद्दल सांगा. तिथे मात्र मी सुटलो. डाइकस्ट्रा, थंड हात, कबुतरांचे स्वभाव, शेजारी, सगळं. पाचही जणांनी पेनं खाली ठेवली. एक गृहस्थ चष्मा पुसायला लागले. कुणी मला थांबवलं नाही. ब्रूर्समा जरा हसल्या, तेही बेल्जियमशिवाय.

माझ्यानंतर लोटे आत गेली. पाणी पिऊन येईतो बाहेरही आली. एवढ्यात काय बोलणार? तिच्यासाठी वाईट वाटलं. स्टेशनवर तिला कॉफी पाजली आणि जनावरांच्या डॉक्टरांना हॉलंडमध्ये किती मान आहे ते सांगितलं.

बाबांना फोन करून सांगितलं, पेनं खाली ठेवली. त्यांनी ते आईला सांगितलं, आईनं भारतात.

२१ मार्च, शुक्रवार, दुपार

निकाल आज. ऑपरेशन थिएटरमध्ये घालायचे माझे स्वतःचे सपाट बूट मागवून ठेवलेत, मागे नाव घालून. आई उद्या पुरणपोळ्या करणार आहे. मनोहरकाकांनी मंडळाच्या ग्रुपवर 'बातमी येतेय' असं टाकलंय.

त्याच दिवशी, संध्याकाळ

घरी आलो तर लोटे स्वयंपाकघरात. नेहमीसारखी गप्प, पण आज उभी राहून गप्प. तिनं माझ्यासाठी चहा केला होता, आपल्यासारखा, दूध उकळून. कधी बघून ठेवलं कोण जाणे.

म्हणाली, मला मिळाली.

मी तिचं अभिनंदन केलं. मनापासून केलं. मग तिला समजावलं, यादीत नावं खालीवर होतात, सोमवारी दुरुस्त करतील, तू मनाला लावून घेऊ नकोस. ती 'हो' म्हणाली आणि चहा माझ्याकडे सरकवला.

साखर जास्त होती. प्यायलो.

२५ मार्च, मंगळवार

दुरुस्तीसाठी ब्रूर्समांकडे गेलो.

म्हणाल्या, चूक झालेली नाही. तुझे हात सर्जनचे नाहीत. मी तुला सप्टेंबरपासून सांगते आहे.

म्हटलं, म्हणजे तुम्हाला नक्की काय म्हणायचंय?

म्हणाल्या, जे म्हटलं तेच.

मी त्यात आणखी काय आहे ते शोधत बसलो. काही नव्हतं.

मग त्यांनी ब्रेड बाजूला ठेवला आणि खुर्ची ओढून बसल्या. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. म्हणाल्या, "ऑपरेशननंतर डाइकस्ट्रा शुद्धीवर आले तेव्हा मी समोर उभी होते. त्यांनी मला विचारलं, तो मुलगा कुठे आहे? मी तीस वर्षं माणसं कापते आणि शिवते. शुद्धीवर येऊन कुणी मला शोधत नाही."

मी म्हणालो, पण छावणीच्या दवाखान्यात कुणीही बसू शकतं.

"बसू शकतं," त्या म्हणाल्या. "तिथे कोण बसतंय ते बघत असते मी. म्हणून म्हणते, तिथे तू बस."

डोळ्यांत पाणी आलं. मार्च महिना, हवेत परागकण फार असतात. त्यांनी टिश्यूचा डबा पुढे केला आणि परागकणांविषयी काही बोलल्या नाहीत.

३० मार्च, रविवार, आल्मेरे

घरी सांगितलं. वाक्य तयार करून गेलो होतो: सैन्यानं माझ्यावर व्यापक जबाबदारी टाकली आहे. ऋजुता डचमध्ये म्हणाली, म्हणजे हाउसआर्ट्स.

आई म्हणाली, आधी जेवून घे. पुरणपोळ्या झाल्या होत्या, गेल्या आठवड्याचं पुरण फ्रीझरमध्ये ठेवलं होतं.

बाबा जेवून बाल्कनीत गेले आणि सायकलची चेन पुसत बसले. मी शेजारी जाऊन बसलो. चेन पुसतच म्हणाले, "तुला फार हवी होती का रे ती जागा?"

हो म्हणायला तोंड उघडलं. आठवायला लागलो. सप्टेंबरपासूनचा थिएटरमधला एकेक दिवस घेतला. पाय दुखायचे, घड्याळाकडे लक्ष असायचं.

म्हटलं, "तुम्हाला हवी होती ना?"

म्हणाले, "मला वाटलं तुला हवी आहे. म्हणून मी सगळ्यांना सांगत होतो."

मग दोघांनी मिळून चेन पुसली. ती स्वच्छच होती.

३१ मार्च

संकल्प: नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

बऱ्याच महिन्यांनी वही सापडली. डॉक्टर झालो. अधिकाऱ्यांचं ट्रेनिंग झालं, त्यात एकदा चिखलात बूट राहिला आणि मी पुढे गेलो, त्याचं वर्णन नको. आता छावणीच्या दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर. दिवसभर पायाचे फोड, पाठदुखी, आणि 'सहज आलो होतो' म्हणत दार लावून घेणारी वीस वर्षांची पोरं. सहज आलेल्यांना सगळ्यात जास्त वेळ लागतो. प्रतीक्षेतल्या लोकांची रोज तक्रार असते, रांग पुढे सरकत नाही. सिस्टर म्हणते, तुमच्यासाठी वेगळं घड्याळ लावू का?

लोटेचा मेसेज येतो कधीतरी. परवा आला: आज अपेंडिक्स, एकटीनं. मी लिहिलं, वाईट नाही. तिनं हसरा चेहरा पाठवला, तिच्या मानानं हे भाषणच.

शुक्रवारी माझंही पहिलं स्वतंत्र ऑपरेशन झालं. सार्जंट आहे, दारातून वाकून आत येतो, छातीवर पदकं. सुई बघून पांढराफटक पडला. त्याला बोलतं केलं. लहानपणी आईबरोबर दाताच्या डॉक्टरकडे गेल्याची गोष्ट निघाली, मग आईची, मग आई गेल्याची. मी हात चालवत होतो. झालं म्हणालो तर म्हणाला, सुरू कधी केलंत?

आज घरी फोन केला. बाबांना सांगितलं, पहिलं ऑपरेशन केलं. त्यांनी लगेच फोन स्पीकरवर टाकला. पाठीमागे बरीच माणसं असावीत, कपबश्यांचा आवाज येत होता.

म्हणाले, कशाचं?

म्हटलं, पायाचं.

ते कुणाला तरी म्हणाले, ऑर्थोपेडिक.

गप्प राहता आलं असतं. म्हटलं, बाबा, नखाचं. नख आत वाढलं होतं.

कपबश्या थांबल्या. बाबांनी स्पीकर बंद केल्याचा आवाज आला. मग हळू आवाजात विचारलं, कुठल्या बोटाचं?

म्हटलं, अंगठ्याचं.

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "अंगठा मोठा असतो." आणि स्पीकर परत चालू केला.